पास झालेल्या गाडीचा धूर

१

मुलगी वाचली, एवढंच काय ते बरं घडलं होतं. बाकी सगळा मामला किळसवाणा होता.

रविवारी दुपारी ही सहा वर्षांची पोर मामाच्या गाडीत मागच्या सीटवर झोपली. तीन तासांनी गाडी दारात पोचली तेव्हा तिचे गाल लालबुंद झाले होते. मामाला वाटलं, झोपेनं लाली चढली आहे. त्यानं आधी डिकीतलं सामान उतरवलं, मग फडक्यानं गाडीची काच पुसली आणि मग तिला हाक मारली. ती हलेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं की तीन तास ही मुलगी इंजिनाचा विषारी धूर श्वासातून ओढत होती. आता ती आईला ओळखते, पण हातात चमचा धरता येत नाही.

आणि हीच गाडी तीन दिवस आधी, गुरुवारी, प्रदूषण चाचणीत पास झाली होती. नुसती पास नव्हे, नव्या कोऱ्या गाडीनं मान खाली घालावी इतक्या स्वच्छ आकड्यांनी पास झाली होती.

हे होणं शक्यच नव्हतं. मामानं दोन वर्षांपूर्वी मूळचा सायलेन्सर काढून दोन चकचकीत तोंडांचा, गल्ली दणाणून सोडणारा सायलेन्सर बसवून घेतला होता. ते करताना गाडीच्या पोटाखालचा, धूर गाळणारा डबाही काढून टाकला आणि तिथे साधा पोकळ पाइप जोडला. डबा असला की आवाज दबतो, आणि आवाज दबला तर मामाचा रुबाब कसा राहायचा?

चाचणीच्या प्रमाणपत्रावर सही होती मशीनकाकांची. सव्वीस वर्षं त्या केंद्रावर यंत्र चालवणारा, अठ्ठावन्न वर्षांचा, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. चाचणी खोटी ठरली तर त्यांचा परवाना कायमचा जाणार होता, आणि मुलीच्या जिवाशी खेळ केल्याबद्दल पोलीस त्यांना घेऊन जाणार होते. मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत काय ते ठरवून कागद द्यायचा, असं वाहन खात्यानं तपासनीस बाईंना बजावलं होतं.

बाईंनी अशी प्रकरणं आयुष्यभर केली होती. खोटं बोलणाऱ्यांची त्यांना सवय झाली होती. पण खोटं बोलताना माणसं जो साळसूदपणाचा आव आणतात, त्याची अजूनही त्यांना किळस यायची.

मंगळवारी सकाळी दहाला त्या केंद्रावर पोचल्या. यंत्राला सोमवारी सकाळीच सील लागलं होतं. मामाची गाडी जप्त होऊन आवारात उभी होती. पाठोपाठ केंद्राचे मालक आले, कपाळ पुसत, बसला शिव्या घालत. "दोन दिवस झाले मॅडम, उभ्यानं प्रवास करतोय. माणसं अंगावर घाम पुसतात हो!"

मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "या काकांना मी घरच्यासारखं ठेवलं. आता म्हातारपणी हात मारला असेल कुठे. काढून टाका त्यांना, माझी काही हरकत नाही."

सव्वीस वर्षांचा माणूस त्यांनी अर्ध्या मिनिटात विकून टाकला. बाईंनी फक्त मान हलवली आणि टेबलावरचा चाचणीचा कागद उचलला. तो वाचला आणि त्या खुर्चीत बसल्याच. कागदात कुठेही लबाडी नव्हती.

२

"यंत्राला फसवायच्या तीन वाटा असतात," बाई म्हणाल्या. "तुम्हाला ठाऊक असतीलच."

मशीनकाका समोर हात बांधून उभे होते. "ठाऊक आहेत. नळी गाडीच्या पाइपात घालायचीच नाही, हवेत धरायची. किंवा नळी दुसऱ्याच गाडीत घालायची. नाहीतर दुसऱ्याच गाडीला हिची नंबरपाटी लावायची."

"मग यातलं काय केलंत?"

"यातलं काहीही केलं नाही, बाई."

त्यांच्यावर विश्वास ठेवायची गरजच नव्हती, कागदच बोलत होता. नळी हवेत धरली असती तर कागदावर प्राणवायूचा आकडा फुगला असता. तो जवळजवळ शून्य होता. कागदावर यंत्रानं काढलेला फोटो होता, त्यात नळी दोन चकचकीत तोंडांपैकी एकात शिरलेली स्पष्ट दिसत होती. आणि मागच्या काचेवर मामानं चिकटवलेला, एक पाय उखडलेला चित्ताही होता. तोच चित्ता आत्ता आवारातल्या गाडीवर तसाच लंगडत होता. म्हणजे गाडी हीच, पाइप हाच आणि धूरही हिचाच. तरी धूर स्वच्छ.

बाई उठून त्या गाडीपाशी गेल्या. सोबतच्या शिपायाला ती सुरू करायला लावली. कानठळ्या बसल्या. पाइपाच्या तोंडाशी रुमाल धरला तो क्षणात काळा झाला, आणि जो वास आला त्यानं डोळ्यांत पाणी आलं. असल्या वासाची हौस म्हणून पदरचे पैसे घालणारी माणसं असतात, याचं बाईंना नवल वाटायचं कधीच संपलं होतं. आता नुसती शिसारी यायची.

"रुमाल कशाला खराब केलात?" काका मागून म्हणाले. "मी कागद धरतो."

"कसला कागद?"

काकांनी खोलीतल्या भिंतीकडे बोट केलं. तिथे एका खिळ्यात पांढऱ्या कागदांची जाडजूड चळत खोचलेली होती. प्रत्येक गाडी तपासली की तिच्या पाइपाशी एक कोरा कागद धरायचा, वर नंबर आणि तारीख लिहायची आणि खिळ्याला लावायचा, ही काकांची जुनी खोड होती. यंत्र आलं त्याच्या आधीपासूनची. त्यावरून सगळे त्यांची टिंगल करायचे.

"यंत्र बिघडतं, कागद बिघडत नाही," काका म्हणाले. "स्वच्छ धुरात पाण्याची वाफ असते. कागद ओला होतो. घाणेरड्या धुरानं काजळी धरते."

बाईंनी गुरुवारचा कागद शोधून काढला. पाइपाच्या दोन तोंडांचे गोल ठसे, काठाला जुनी काजळी, आणि मध्ये स्वच्छ पाण्याचा वाळलेला डाग.

म्हणजे गुरुवारी ही गाडी खरोखर स्वच्छ होती. आणि रविवारी तिनं एका पोरीला जवळजवळ मारलं.

३

मामा अकरा वाजता आला. गॉगल डोक्यावर चढवलेला, तोंडात काहीतरी चघळत.

"मॅडम, मी गाडी जशी होती तशी नेली," तो म्हणाला. "मशीननं पास केली तर माझा काय दोष? त्या म्हाताऱ्याच्या हातात मी चहापाण्याचं काहीतरी टेकवलं होतं, खोटं कशाला बोलू. आता त्यानं काय केलं ते त्याला विचारा."

"सायलेन्सर कधी बसवलात?"

"दोन वर्षं झाली. त्यानंतर बोटसुद्धा लागलेलं नाही त्याला. एकदम भारी काम आहे."

"रविवारी तुम्हाला कसं काही झालं नाही?"

"माझी काच खाली होती ना." मामा अभिमानानं हसला. "आवाज ऐकायला. बंद काचेत मजा येत नाही."

"आणि मागची काच?"

"तिला वारा लागतो म्हणून ताईनं वर करायला सांगितली होती."

मजेपायी स्वतःची काच उघडी ठेवून हा गृहस्थ तीन तास आपल्या गाडीचं गाणं ऐकत बसला होता, आणि मागे पोर विष गिळत होती. बाईंना वाटलं याला दोन थोबाडीत द्याव्यात. त्यांनी त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं, साडीचा पदर खोचला आणि विजेरी घेऊन केंद्राच्या तपासणीच्या खड्ड्यात उतरल्या. वर मामाची गाडी आणून उभी केली होती.

खाली सगळं गंजानं आणि चिखलानं बरबटलेलं होतं. पुढचे बोल्ट गंजून पाइपाशी एकजीव झालेले. मागचे बोल्टही तसेच. पण मधल्या पोकळ पाइपाच्या दोन्ही टोकांचे बोल्ट लख्ख चमकत होते. त्यांच्यावर पान्याचे ताजे ओरखडे होते. एका टोकाला तीन बोल्टांची जागा होती आणि बोल्ट दोनच. सांध्यातलं पॅकिंग फाटलेलं, काळं पडलेलं, तेच तेच काढून पुन्हा बसवलेलं. सांध्याच्या नेमकं वर, मागच्या सीटखाली, पत्र्यातलं रबरी बूच उष्णतेनं वितळून गेलं होतं. बाईंचं बोट त्या भोकातून सरळ सीटच्या स्पंजाला लागलं.

म्हणे दोन वर्षं बोट लागलेलं नाही!

त्यांना आता सगळा घाणेरडा प्रकार दिसला. चाचणीपुरता कोणीतरी पोकळ पाइप काढून तिथे खरा डबा बसवला होता. गाडी पास झाल्यावर डबा काढला आणि घाईघाईनं पाइप परत ठोकला. तो सांधा नीट बसला नाही, आणि धूर सीटखाली जमत गेला. स्वच्छ हवेचा दाखला मिळवायच्या खटाटोपातच त्या पोरीला विष मिळालं होतं.

बाई वर आल्या तेव्हा मामाच्या तोंडातलं चघळणं थांबलं होतं. "भोंग्याला विचारा," तो पुटपुटला. "मला खालचं काही कळत नाही."

४

भोंग्या म्हणजे कोपऱ्यावरचा गॅरेजवाला. गावभरच्या गाड्यांना मोठा आवाज देतो म्हणून त्याचं हे नाव पडलं होतं, आणि ते त्यानं पाटीवरही रंगवून घेतलं होतं. त्याच्या गॅरेजमागे धूर गाळणाऱ्या डब्यांचा ढीग पडला होता. एकूण एक डबा कापून आतला ऐवज काढून घेतलेला, टरफलं तेवढी उरलेली. त्यावर तेलाचं काळं पाणी साचलं होतं आणि त्यात माश्या मरून पडल्या होत्या.

"शोधा ताई, खुशाल शोधा," भोंग्या म्हणाला. "इथे एक जरी भरलेला डबा सापडला तर मी मिशी उतरवीन. अहो, चांगला डबा माझ्याकडे टिकेल का? आला की विकला."

बाईंनी तासभर ढीग उपसून घेतला. हात कोपरापर्यंत काळे झाले आणि भरलेला डबा एकही निघाला नाही. भोंग्या खरंच बोलत होता, आणि खरं बोलतानाही तो तितकाच ओशट वाटत होता. मग तो डबा आला कुठून?

दोन वाजता त्या पुन्हा केंद्रावर आल्या. जेवणाची इच्छा मेली होती. त्यांनी हात धुतले आणि खिळ्यावरची सगळी चळत टेबलावर उतरवली. गुरुवारचा कागद खिडकीशी धरला तर पाण्याच्या डागात बारीक बारीक राखाडी कण चिकटलेले दिसले, नखानं खरवडले तर निघणारे.

"काका, हे कण कसले?"

काकांनी चष्मा वर केला, कागदाकडे पाहिलं न पाहिलं केलं. "पाइपातला गंज असेल."

बाई एकेक कागद उजेडात धरत गेल्या. तीनशेपैकी एकोणीस कागदांवर तेच कण होते. आतून तडकलेला, जुना होत आलेला डबा असे कण टाकतो. म्हणजे एकोणीस गाड्यांच्या पोटाखाली एकच डबा फिरला होता. बाईंनी नंबरांवरून गाड्या काढल्या. एकोणीसही गाड्या एकाच बनावटीच्या, मामाच्या गाडीसारख्या. साहजिकच, एका बनावटीचा डबा दुसरीला बसत नाही.

मग त्यांनी तारखा पाहिल्या. सोमवार, बुधवार, गुरुवार, मंगळवार, शुक्रवार. शनिवार एकही नाही. केंद्र तर शनिवारी सर्वांत जास्त चालायचं.

"शनिवारी इथे कोण नसतं?" बाईंनी विचारलं.

"मालक," काका म्हणाले. "शनिवारी ते घरच्यांना घेऊन फिरायला जातात. गाडीनं."

बाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. आवाराच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या छपराखाली, राखाडी आच्छादन घातलेली एक गाडी उभी होती.

५

चार वाजता बाईंनी सगळ्यांना आवारात बोलावलं. मामा आला, भोंग्या आला, मालक आले. काका दाराशीच उभे राहिले.

"मालक, मला दवाखान्यात जाऊन मुलीच्या आईचा जबाब घ्यायचा आहे," बाई म्हणाल्या. "माझी गाडी खात्यानं परत बोलावली. तुम्ही सोडता का?"

"मी? मी तर बसनं येतोय मॅडम, सांगितलं ना."

"ही छपराखाली कोणाची आहे मग?"

"माझीच. पण आता तुम्ही इथे सील लावलंय, म्हणून मी हात लावला नाही. कायदा म्हणजे कायदा."

"सील यंत्राला लावलंय. तुमची गाडी न्यायला कोणी अडवलं होतं?"

मालकांचा चेहरा उतरला. मग सबबी सुरू झाल्या. बॅटरी उतरली आहे. किल्ली घरी राहिली. सर्व्हिसिंगला द्यायची आहे. एक सबब संपायच्या आत दुसरी तयार. बाईंनी आच्छादन स्वतः ओढून काढलं. खाली मामाच्या गाडीची सख्खी बहीण निघाली, त्याच बनावटीची. किल्ली मालकांच्या खिशातच होती, कारण घामानं शर्ट अंगाला चिकटला होता आणि खिशात तिचा आकार उठून दिसत होता.

"सुरू करा," बाई म्हणाल्या.

मालकांनी बसून किल्ली फिरवली आणि छपराचे पत्रे थडथडू लागले. मामाची गाडी परवडली, असा तो आवाज होता. गाडीच्या पोटाखाली डबाच नव्हता. दोन उघड्या टोकांमधून आग ओकल्यासारखा धूर बाहेर पडत होता, आणि प्रदूषण चाचणी केंद्राचे मालक त्या धुरात खोकत बसले होते.

"बंद करा!" बाई ओरडल्या. मग त्या एका दमात बोलत गेल्या. "सकाळी नऊला तुम्ही येता. भोंग्या तुमच्या गाडीचा डबा काढतो. चाचणीत नापास झालेली, तुमच्याच बनावटीची गाडी तुम्ही त्याच्याकडे पाठवता. तो डबा तिला बसवतो, ती इथे येऊन पास होते, डबा परत. संध्याकाळी तो पुन्हा तुमच्या गाडीला, म्हणजे शनिवारी तुम्ही सभ्य माणसासारखे फिरायला मोकळे. सोमवारी सकाळी डबा कोणाच्या तरी गाडीखाली होता आणि तेवढ्यात सील लागलं. ते गिऱ्हाईक घाबरून डब्यासकट पळालं. म्हणून तुमच्यावर बसची वेळ आली."

भोंग्यानं एका क्षणाचाही विचार केला नाही. "यांनीच सांगितलं होतं ताई! मी नुसता पान्याचा धनी. गुरुवारी तर हे घाई करत डोक्यावर उभे होते, म्हणून तिसरा बोल्ट राहिला!"

"तूच म्हणालास, दोन बोल्ट पुरतात!" मालक किंचाळले.

"आणि मला तुम्ही दोघांनी सांगितलं की काही धोका नाही!" मामा म्हणाला.

तिघं एकमेकांवर खापर फोडत राहिले, आवाज चढवत, बोटं नाचवत. बोल्टाचं, डब्याचं, कोणी कोणाला आधी विचारलं याचं भांडण. पोलीस फाटकाशी आले होते, त्यांना तिघांना घेऊन जायला सांगून बाई आत गेल्या आणि त्यांनी नळाखाली तोंड धुतलं.

६

पाचला दहा मिनिटं होती. टेबलावर खात्याचा कागद होता. त्यात एकच प्रश्न होता: चाचणी खरी की खोटी?

काका समोर बसले होते. दिवसभरात पहिल्यांदाच बसले होते.

बाईंनी "खरी" असं लिहिलं. "तुमच्यासमोर आली तेव्हा गाडी स्वच्छ होती. आकडे खरे, सही खरी. परवाना राहील."

काकांनी डोळे मिटले. त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरताना दिसला. "उपकार झाले, बाई."

"थांबा." बाईंनी गुरुवारचा कागद पुढे सरकवला. "गंज तांबडा असतो, काका. हे कण राखाडी आहेत. सव्वीस वर्षं पाइपांची तोंडं पाहिलेल्या माणसाला गंज ओळखता येत नाही? एकोणीस कागद तुम्ही स्वतःच्या हातानं या खिळ्याला लावलेत. कधीपासून माहीत होतं?"

काकांनी कागदाची कड सरळ केली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "सात-आठ महिने झाले असतील."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"यंत्र दाखवेल ते लिहायचं, एवढंच माझं काम. इथे उभी असायची तेव्हा गाडी साफच असायची. फाटकाबाहेर तिचं काय करतात, ते मला कोणी विचारलं नाही."

बाईंना मालकाची किळस आली होती, भोंग्याची आली होती, मामाची तर आलीच होती. पण त्या तिघांत खोटं होतं, आणि खोटं पकडता येतं. या माणसाच्या बोलण्यात एकही शब्द खोटा नव्हता. बाईंनी पेन उचलून काकांपुढे धरलं.

"माझ्या सहीखाली जागा आहे. 'मला माहीत होतं' एवढंच लिहा. तुमच्या हातानं."

काकांनी पेन घेतलं. "लिहिलं तर?"

"परवाना जाईल."

"आणि नाही लिहिलं तर?"

"राहील."

काकांनी कागदावरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. पेनचं टोक तिथे टेकवलं, एक निळा ठिपका उमटला.

"असं लिहायचा नियम आहे का, बाई?"

"नाही."

काकांनी पेनला टोपण लावलं आणि ते नीट, टेबलाच्या कडेला समांतर, ठेवून दिलं. "मग राहू द्या," ते म्हणाले. उठले, खिळ्यावर कागदांची चळत परत लावली, दाराशी जाऊन थांबले. "उद्या नऊला यंत्राचं सील काढायला कोण येईल? गाड्या खोळंबल्यात."

बाईंनी कागदावर शिक्का मारला.

"मीच येईन," त्या म्हणाल्या.